प्रोसेसरचा ताप पाहणारे आठल्ये

‘आज फार उकडतंय,’ असं कुणी म्हटलं की आठल्ये विचारत, ‘फार म्हणजे किती?’

रत्नागिरीतल्या आमच्या दैनिकाच्या कचेरीतले संगणक ते सांभाळत. पन्नाशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही. ‘मशीन तापलंय’ अशी कुणी तक्रार केली तरी ते जागचे हलत नसत. ‘आकडा आणा,’ एवढंच म्हणत.

आकड्याची सोय त्यांनीच करून ठेवली होती. लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारा एक प्रोग्रॅम ते लिहीत होते. प्रोसेसर किती तापलाय आणि कितपत कामात आहे, हे त्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यात दिसे. प्रोग्रॅम फुकट होता आणि त्याचा कोड इंटरनेटवर खुला ठेवलेला. कुणीही तो वाचावा, बदलावा, चुका कळवाव्यात.

चाचणीच्या बाबतीत त्यांना तडजोड मान्य नसे. एका मे महिन्यात त्यांनी कचेरीतला जुना संगणक उचलून आरे-वारेच्या रस्त्यावर, धाकट्या भावाच्या आंब्याच्या गोदामात नेला आणि अढीला टेकवून ठेवला. गवतात पिकणाऱ्या आंब्यांची ऊब त्यांना हवी होती.

‘दादा, गिऱ्हाईकं विचारतायत, ही कुठली जात?’ भाऊ वैतागून म्हणाला.

‘सांग, अजून कच्चा आहे.’

संगणकाच्या पंख्यात गवत अडकलं, प्रोसेसर तापला आणि प्रोग्रॅमने वेळेवर इशारा दिला. त्या आनंदात आठल्यांनी कचेरीत आंबे वाटले. ते भावाचे होते, हे भावाला नंतर कळलं.

चाचणीचा वृत्तांत त्यांनी इंटरनेटवर टाकला. तो वाचून चिलीतल्या राऊल नावाच्या माणसाची मेल आली. त्याच्या जुन्या संगणकावर हा प्रोग्रॅम भलतंच तापमान दाखवत होता. तसा प्रोसेसर आठल्यांनी कधी पाहिलाही नव्हता. ते अंदाजाने कोड दुरुस्त करून पाठवत, राऊल तो चालवून निकाल कळवी. वर्षभर असं चाललं. कामापलीकडे दोघं काही लिहीत नसत. एकदाच राऊलने विचारलं, आंबे पिकताना वास कसा येतो?

आठल्ये माझ्या टेबलाशी आले. ‘तुम्ही लिहिणारे ना? वास मोजता येत नाही हो. मग सांगायचा कसा?’

त्यांनी काय लिहिलं ते कळलं नाही, पण लिहायला त्यांना दोन दिवस लागले.

तापमान जवळजवळ बरोबर येऊ लागलं आणि राऊलच्या मेल थांबल्या. शेवटच्या दुरुस्तीला उत्तरच आलं नाही.

प्रोग्रॅमच्या पुढच्या आवृत्तीच्या वेळी, कोडमध्ये मदत करणाऱ्या पुण्याच्या समीरचा फोन आला. आठल्यांनी तो कचेरीतच घेतला. समीरचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

‘काका, राऊलच्या त्या जुन्या प्रोसेसरसाठीचा कोड काढून टाकू या. त्याच्यापायी बाकीचं सगळं अडतंय. एकटा माणूस वापरत होता तो.’

‘एकटा आहे म्हणून काढायचा?’ आठल्ये म्हणाले.

समीरने तो कोड राहू दिला. आठल्यांनी मुंबईच्या भंगारातून तसलाच एक संगणक शोधला आणि एसटीच्या पार्सलने मागवला. तेव्हापासून प्रत्येक आवृत्ती आधी त्याच्यावर चाले.

‘आठल्ये, राऊलने आता नवं मशीन घेतलं असेल,’ मी एकदा म्हणालो.

‘घेतलं असतं तर कळवलं असतं त्याने,’ ते म्हणाले, आणि नवी आवृत्ती त्याच्या मशीनवर चालत असल्याची मेल त्याला लिहू लागले.