जमादाराला दिलेली कबुली

मुलांनो,

फौजदारी कायद्याचं पुस्तक उघडलं की झोप येते, असं माधवने रंगूनहून कळवलं आहे. परीक्षा तोंडावर आली असताना हे बरं नाही. म्हणून आमच्या अमरावतीच्या गल्लीतल्या दौलतनानांबद्दल आजच लिहायला बसले आहे. मिशीला दही लागलेलं असताना पकडलं तरी नाना दही खाल्ल्याचं कबूल करत नसत.

"मंग कोनं खाल्लं?" त्यांची बायको, सगुणाकाकू, विचारायच्या.

"ते मी मजिस्टरापुढं सांगीन. तू जमादार हायस."

नाना कापसाचे दलाल. अमेरिकेत तेव्हा आपसांत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस अडला आणि आमच्या वऱ्हाडाला असा भाव आला, की लोक बैलांच्या शिंगांवर चांदी चढवू लागले. नानांना त्याचं काही नव्हतं. बाजार नसला की ते कचेरीच्या आवारात चिंचेखाली बसून खटले ऐकायचे. नवा कायदा तिथेच त्यांच्या कानावर पडला: पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, मॅजिस्ट्रेटने ती स्वतः ऐकायला हवी. झालं. नानांनी तो कायदा घरात लागू केला. लग्नाचं जेवण कसं होतं विचारलं, तर साक्षीदार मागायचे. दूध प्यायली म्हणून काकू मांजरीवर फुंकणी उगारायच्या, तर हे मधे उभे. "आधी तिचं म्हननं आयका." मांजरीचं म्हणणं असायचं की दूध अजून हवं.

एका हंगामात वलगावहून येणाऱ्या हुसेनच्या गाडीतून कापसाची एक गाठ नाहीशी झाली. कापूस ज्या व्यापाऱ्याचा, त्याच्याकडे माझे वडील मुनीम होते. व्यापाऱ्याने तक्रार केली, जमादाराने हुसेनला चौकीत घेतलं आणि दुपारपर्यंत हुसेनने चोरी कबूल केली. कशी, ते विचारू नका. समोरच्या हलवायाने दुकान बंद केलं, एवढंच सांगते.

दुसऱ्या दिवशी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं होतं. चौकीतली कबुली फुकट, हे खरं. पण जमादाराच्या धाकाने तो तिथेही तेच बोलला असता, तर तुरुंग ठरलेला. घरी बायको ओली बाळंतीण.

नाना त्याला भेटायला गेले. जमादाराने हाकलून दिलं. नाना घरी आले, धुतलेली पगडी घातली आणि पुन्हा चौकीत जाऊन म्हणाले, "चोरी म्या केली."

काकू उंबऱ्यातच बसल्या. दह्याची कबुली न देणारा माणूस कापसाची देऊन आला होता. जमादाराला इतका आनंद झाला की त्याने नानांना दोन ठेवून दिल्या, मग आणखी बऱ्याच, आणि हुसेनशेजारी कोंडलं. चौकीत खोली एकच होती.

कोर्टातलं वडिलांनी घरी येऊन सांगितलं. रात्रभर नानांनी त्याच्या कानात कायदा समजावला होता; हुसेन आधी नानांकडे आणि मग साहेबाकडे बघून म्हणाला, "नाई साहेब. मारून मारून बोलवलं माह्याकडून." आणि त्याने सदरा वर करून पाठ दाखवली. मग नानांना विचारलं. नानाही नाही म्हणाले. साहेब चिडला. मग जमादाराला हो कशाला सांगितलंत?

"त्याले सांगतलेलं धरत नाईत ना सरकार, म्हून त्याले सांगतलं."

शिरस्तेदाराला खोकला आला. दुसरा पुरावा नव्हता, दोघे सुटले. गाठ कुठे गेली ते कधीच कळलं नाही.

संध्याकाळी आई आणि मी हळद घेऊन गेलो. काकू नानांची पाठ शेकत होत्या आणि तोंडाने त्यांचा उद्धार करत होत्या. "काहून गेलते मराले? तो तुमचा कोन लागते?"

 नाना पालथे पडल्या पडल्याच बोलले. "मोगलाईत, निजामाचं राज होतं तवा, मलेबी असंच धरलं होतं. मार सोसला नाई. किसनाचं नाव घेतलं म्या. त्यानं काईच केलं नव्हतं. भ्यानं गाव सोडून गेला."

किसन म्हणजे नानांचा धाकटा भाऊ. तो पटकीने गेला, असं काकू लग्नापासून ऐकत आल्या होत्या. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी फडकं पुन्हा तव्यावर गरम केलं आणि हलक्या हाताने शेकायला लागल्या.

किसन परत आला नाही. आता नाना नाहीत, काकूही नाहीत. वलगावच्या शिवेवरचं किसनाच्या वाट्याचं काळं रान मात्र अजून त्याच्याच नावावर आहे. नानांनी ते हुसेनला कसायला दिलं होतं, आता त्याचे नातू कसतात.