शिडीवरून पडताना

तुळसाबाई आजगेकर विनोदी भूमिका करायची, त्यामुळे घरीही ती दीडपट वेगानं वावरायची.

यात कुणाला नवल वाटत नसे. तेव्हा चित्रपट मुके होते आणि कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवावं लागे. ते हळू फिरवलं की पडद्यावरचं माणूस भरभर धावतं, जोरात फिरवलं की संथ चालतं. कोल्हापुरातल्या त्या कंपनीत नायिकेसाठी हँडल रीतसर फिरे, तुळसाबाईसाठी हळू. कजाग सासू, खाष्ट घरमालकीण, बादलीत पाय अडकलेली मोलकरीण असं करता करता तो वेग तिच्या अंगात मुरला. मंडईत ती वांग्यांचा भाव विचारायची आणि उत्तर येईतो कोथिंबिरीपाशी पोचलेली असायची.

अडचण झाली ती सोनी जन्मल्यावर. अंगाई सुरू होते न होते तोच संपायची. थोपटणं ढोलकीसारखं लागायचं. सोनी दचकायची, पाठ ताठ करून रडायची, आणि सासूबाईंच्या मांडीवर गेली की गाढ झोपायची. आई म्हणून आपण कमी पडतोय की जास्त होतोय, हे तुळसाबाईला ठरवता येईना. ठरवायला ती थांबतही नसे.

तिनं कंपनीच्या मालकांकडे एखादी रडकी भूमिका मागितली. मालकांनी नीट विचार करून सांगितलं, की तुम्ही रडलात तर लोक पोट धरून हसतील, आणि मग हँडल हळू फिरवावंच लागेल.

मग ती कॅमेरा चालवणाऱ्या रावजींकडे गेली.

"रावजीदादा, एकदा माझ्यावर जोरात फिरवा की."

"बाई, हँडल माझं, पण वेग मालकांचा."

"पोरगी माझ्याजवळ झोपत नाही हो."

रावजींनी विडी विझवली. "किती सावकाश व्हायचंय?"

"ती झोपेल इतकं."

मालक घरी गेल्यावर रावजींनी कॅमेऱ्यात फिल्म न घालता, हात भरून येईपर्यंत हँडल गरागरा फिरवलं. जरा जास्तच झालं काय की, असं ते म्हणाले. तुळसाबाईनं नकारार्थी मान हलवायला घेतली, ती घरी पोचेपर्यंत हलत होती. त्या संध्याकाळी अंगाईच्या पहिल्याच शब्दावर सोनी झोपली.

दुसऱ्या दिवशी शिडीवरून पडायचं दृश्य होतं. तुळसाबाई पडू लागली. मंडळी जेवून आली तेव्हा ती अर्ध्यावर होती आणि पदर अजून वरच्या पायरीशी. हँडल अगदी हळू फिरवा, म्हणजे बाई खाली येतील, असं मालकांनी रावजींना बजावलं. रावजींनी हँडलला हात घातला.

"नका," तुळसाबाई हवेतून एकेक अक्षर सोडत म्हणाली, "सोनीची भुकेची वेळ झालीय."

सोनीला घेऊन आलेल्या सासूबाईंनी स्टुलावर चढून तिला आईच्या कुशीत दिलं. सोनी प्यायली आणि तिथेच झोपली.

मालकांनी वर बघून विचारलं,

"बुधवारपर्यंत उतरतील?"

"सांगता येत नाही," रावजी म्हणाले.

"मग नायिकेची कामं आधी उरकून घ्या. आणि खाली एक गादी घाला. आवाज न करता."