भोयरांचा शिपाई
कप फुटला की भोयर आधी त्याचा कान शोधायचे. "कान चांगला आहे, दुसऱ्या कपाले लागन," असं म्हणून तो टेबलाच्या खणात. खणात असे अकरा कान होते आणि कप एकही नव्हता.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वर्ध्याजवळच्या एका सरकारी कार्यालयात भोयर, मी आणि आणखी काही जण संगणकावर लढाया लढवायचो. नवा तोफगोळा किती माणसं मारील, ते खरा गोळा उडवण्याआधी पडद्यावर बघायचं, हे आमच्या पोटापाण्याचं काम. आम्ही बाकीचे दर लढाईला सगळा प्रोग्राम नव्याने लिहीत बसायचो. भोयरांनी तोफ, गोळा, शिपाई असे सुटे भाग एकदाच लिहून ठेवले होते.

"तोफेले तोफेचं समजते, शिपायाले शिपायाचं. आपण फक्त समोरासमोर उभं करा लागते. अन् एका जागी बदललं का सगळीकडे बदलते." हे त्यांनी चपराशालाही ऐकवलं होतं. आम्ही त्यांना हसायचो आणि त्यांचेच भाग बिनदिक्कत वापरायचो.

आधीच्या गोळ्यांत थोडे शिपाई उरायचेच. मग सगळ्यांना पाडील अशा एका गोळ्याची चाचणी अडली. शंभर शिपाई उभे केले की नव्व्याण्णव पडायचे. गोळा दुप्पट केला, तरी एक उभाच. सोमवारी दिल्लीचे लोक येणार होते. तोवर चूक सापडली नाही तर भोयरांचे सगळे भाग काढून टाकू, असं साहेबांनी बजावलं.

मी शिपायाचा प्रोग्राम छापून घेतला आणि ओळ न् ओळ वाचली. पहिल्या शिपायापाशी एक जादा ओळ होती: गोळा लागला तरी याने पडायचं नाही. शेजारी शेरा होता, उंची पाच फूट चार इंच, गाव अल्लीपूर. अल्लीपूर भोयरांचं गाव.

"काऊन, भोयर? हा काऊन पडत नाई?" मी विचारलं.

"धाकटा भाऊ होता माहा. एकाहत्तरच्या लढाईत गेला." ते माझ्याकडे बघत नव्हते. "शिपाई लिहाले बसलो, त मले दुसरा कोणता शिपाई माहीतच नव्हता. तुम्ही लोकं दिवसातून पन्नासदा चालवता. तो पडताना मी किती वेळा पाहू?"

मला स्वतःची लाज वाटली. पण ओळ काढणं भागच होतं.

"तुम्हीच काढा, भाऊ. माह्यानं नाई होत."

मी काढली. कार्यालयातल्या सगळ्या लढायांत तो एकदम मेला.

"किती उरले?" भोयरांनी पाठमोरं उभं राहून विचारलं.

"कोणीच नाई."

"बरोबर आहे मंग," ते म्हणाले. मग त्यांनी खण उघडला आणि कपांचे कान एकेक करून केराच्या टोपलीत टाकले.