कानाझावात असं नसते

मेडशीच्या बसस्टॉपसमोर गजाननचं हॉटेल आहे. तिथे प्रल्हादकाकांपुढे चहा आला की ते लगेच पीत नाहीत. कप तळहातावर घेतात, दोनदा हळूच फिरवतात, मग पितात. पिऊन झाल्यावर कप उलटा करून त्याचं बूड बघतात. उरलेले थेंब सदऱ्यावर पडतात, तिकडे त्यांचं लक्ष नसतं.

"कोनं घडवला रे हा?" ते गंभीरपणे विचारतात.

"मालेगावच्या बाजारातून डझनानं आनले काका," गजानन म्हणतो. "घडवनाऱ्याची अन् माही भेट नाई."

"कानाझावात असं नसते," असं म्हणून काका कप जपून खाली ठेवतात.

कानाझावा हे जपानमधलं शहर. काकांची मुलगी शीतलताई आणि जावई तिथे नोकरी करतात. गेल्या वर्षी चेरी फुलायच्या दिवसांत त्यांनी काकांना एकवीस दिवस तिकडे नेलं. काकू वारल्या आहेत, त्यामुळे काका एकटेच गेले. त्याआधी त्यांनी शेगावच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं. परत आल्यापासून मात्र गावातली एकही गोष्ट त्यांच्या मनास येत नाही. एसटी उशिरा आली, कोणी रस्त्यात थुंकलं, वरातीत डीजे वाजला, की काका मान हलवतात. पुढचं वाक्य पोरंच म्हणून टाकतात.

इथे एक गोष्ट लिहावी की नाही, याचा मी बराच विचार केला. मला काकांचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, जेवताना घास अडकावा इतका. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वाशिमला बी.ए. करते, आणि दोन वर्षांपासून मोबाइलवर बघून जपानी शिकते. तीन वह्या भरल्या आहेत. जाता-येता एसटीत अक्षरं गिरवते. रस्ता असा आहे की निम्मी अक्षरं ओळीबाहेर जातात. आणि गेलं कोण, तर प्रल्हादकाका. त्यांना जपानीत 'धन्यवाद'सुद्धा म्हणता येत नाही.

मी त्यांना विचारायची, "काका, फुलं कशी होती?"

"गंज होती."

बस. आमच्याकडे 'गंज' म्हणजे पुष्कळ. पुष्कळ तर सोयाबीनही असतं. एवढा बहर या माणसावर खर्ची पडला, असं मला वाटायचं. त्यापेक्षा त्यांना ताडपत्र्याच जास्त आठवत. "झाडाखाली जिकडं तिकडं निळ्या ताडपत्र्या. म्या म्हटलं, या लोकायचा माल भिजला वाट्टे, वाळू घातला. पाह्यतो तं मानसं डबे घेऊन बसून राह्यली."

पण कधी कधी ते असं काही सांगत की मला आणखीच राग येई. एकदा त्यांनी सोन्याचा वर्ख कापणारा कारागीर पाहिला होता. "सोनं इतकं पातळ, श्वास सोडला तं उडते. तो दम धरून कापे. म्याही धरला. शीतलनं पाठीत बुक्की मारली तवा सोडला." आणि तिथला तो चहाचा विधी. "चा दोन घोट, अन् तयारी लग्नाची. पन त्या बाईनं कटोरा असा ठेवला, जसं निजलेलं लेकरू ठेवते." हे सांगताना ते दोन्ही हातांनी तो कटोरा ठेवून दाखवत. गजाननसुद्धा चहा ओतायचा थांबे. मी तोंड फिरवून एसटीची वाट बघायची.

यंदाच्या एप्रिलमध्ये, एका रविवारी, त्यांनी मला घरी बोलावलं. "शीतलचा फोन येनार हाय. घरासमोरची फुलं दाखवनार. तूही पाहून घे."

पाहून घे. हे दोन शब्द मला टोचले, तरी मी गेले.

व्हिडिओ कॉल लागला. फुलं खरंच गंज होती, मलाही दुसरा शब्द सुचला नाही. मग काकांचा चार वर्षांचा नातू ईशान समोर आला.

"काय रे ईशान, जेवला का?" काकांनी विचारलं.

ईशान भराभर काहीतरी म्हणाला. तो तान्हा असल्यापासून दिवसभर तिकडच्या पाळणाघरात असतो. आईचं मराठी थोडंफार समजतं, पण बोलतो जपानीच.

"काय म्हने तो?"

"काई नाई बाबा, असंच," शीतलताई म्हणाली.

मी अडखळत, जपानीत, त्याला माझं नाव सांगितलं आणि विचारलं, आज काय केलंस? तो थबकला. स्क्रीनला नाक लावून त्याने मला पाहिलं आणि जो बोलत सुटला, तो शीतलताई फोन त्याच्या हाती देऊन आत गेली तरी पाच मिनिटं थांबला नाही. मला निम्मं कळलं. तरी मी मान हलवत होते, हसत होते, आणि खरं सांगायचं तर डोळ्याच्या कोपऱ्यातून काकांकडे बघत होते. मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "बरं, जाय आता. उन्ह होईल."

त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. हॉटेलात मी दिसले की दुसऱ्या बाकावर जात. कप फिरवणंही बंद झालं. सरळ बशीत ओतून चहा पिऊ लागले.

"काकाले काय झालं गं?" गजाननने मला विचारलं. "कपाची चौकशी नाई, काई नाई."

पाचव्या दिवशी सकाळी मी एसटीसाठी उभी होते. काका येऊन शेजारी उभे राहिले.

"त्यानं तुले काय सांगतलं?"

"कोनं?"

"ईशाननं. पाच मिनिटं बोलला. शीतल म्हनते असंच. असंच कोनी पाच मिनिटं बोलते काय?"

"बुटाचं सांगत होता काका. नवे बूट आनले त्याले."

"कोन्त्या रंगाचे?"

"हिरवे. त्याले पट्टा हाय, ओढला की कर्र वाजते. ते त्याले लय आवडते. पन डावा बूट चावते. आईले सांगतलं नाई, नाईतर ती दुकानात वापस करन."

"डावा," काका म्हणाले. मग पुन्हा, "डावा चावते."

एसटी आली. मी चढले नाही.

"तिकडं होतो तवा रोज सांजेला ईशानले घेऊन त्या घरासमोरच्या झाडाखाली बसो," ते म्हणाले. "तो बोले. म्या काय बोलनार? त्याच्या तोंडाकडं पाह्यलं की कसंतरी होये. मंग फुलाकडं पाहो. फुलाले उत्तर द्या लागत नाई." मग म्हणाले, "तुया लय राग आला मले, पोरी."

मी खाली बघत म्हटलं, "मलेही तुमचा येत होता काका. वर्षभर."

"काहून?"

मी हातातली जपानीची वही पिशवीत ढकलली.

पुढच्या रविवारी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. मी वही घेऊन गेले. म्हटलं, दोन-चार वाक्यं लिहून देऊ. ईशान समोर आला. मी तोंड उघडायच्या आधी काकांनी डाव्या पायातली चप्पल काढली आणि फोनसमोर धरली. टाचेला झिजलेली, अंगठ्याला दोनदा शिवलेली. मग पायाचा अंगठा दाखवून त्यांनी कळ आल्यासारखं तोंड केलं.

"बाबा, हे काय?" शीतलताई म्हणाली.

ईशान पळाला. परत आला तेव्हा त्याच्या हातात हिरवा बूट होता. त्याने पट्टा ओढला. कर्र. काकांनी चपलेचा अंगठा ताणला, त्याचा काहीच आवाज झाला नाही, म्हणून तोंडानेच "कर्र" केलं. ईशान हसत खाली बसला. मग फोनजवळ येऊन, हळू आवाजात, त्यांना काहीतरी म्हणाला.

"काई नाई बाबा, तो..."

"राहू दे," काका म्हणाले. "समजलं मले."

मी शेजारीच, वही उघडून बसले होते. तो काय म्हणाला, ते मला कळलं नव्हतं.