घर क्रमांक पंधरामधील न सापडलेल्या मोटारीबाबत

पाणी उताराकडे वाहते, हे विधान इयत्ता पाचवीपर्यंत खरे आहे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून जबाबदारीने सांगतो, की त्यापुढच्या आयुष्यात पाणी मोटारीकडे वाहते.

हा सिद्धांत जुन्नरच्या आमच्या शिवनेरी दर्शन कॉलनीत २००५ च्या उन्हाळ्यात पूर्णपणे सिद्ध झाला. घरे पंधरा, नळ पंधरा, पाइपलाइन एक. ती घर क्रमांक एकपासून सुरू होते आणि पंधराला संपते. (किल्ला पूर्वी दिसायचा. घर क्रमांक एकने दुसरा मजला चढवल्यापासून तो फक्त पाटीवर आहे.) पाणी रोज सकाळी सहा ते सहा चाळीस.

आम्ही सगळे मूळचे आसपासच्या गावांतले. कोणी बेल्ह्याचा, कोणी राजुरीचा, कोणी पारगावचा. गावाकडे बांधावरून भांडण्याची पिढीजात सवय. इथे बांधच नसल्याने सुरुवातीची काही वर्षे फार चुकल्यासारखे व्हायचे. नळ आल्यावर ती अडचण दूर झाली.

माहिती, ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी
(असे कोणी नसतील, पण कागद पूर्ण असावा.)

नळाला थेट विजेची मोटार जोडली, की ती पाइपातले पाणी ओढून घेते आणि पुढच्या घराला हवा मिळते. हे कृत्य बेकायदेशीर आहे, शेजारधर्माला सोडून आहे आणि अर्ध्या हॉर्सपॉवरमध्ये चांगले होते. असे करणाऱ्याला काय म्हणावे, याबद्दल कॉलनीत संपूर्ण एकमत होते. करतो कोण, एवढाच मतभेदाचा मुद्दा होता.

माझी मोटार देवघराखालच्या कपाटात होती.

समिती

एप्रिलमध्ये पाणी कमी झाले आणि आम्ही पाणी न्याय समिती स्थापन केली. अध्यक्ष सावळेराम आण्णा, घर क्रमांक एक, साखर कारखान्यातून निवृत्त. अध्यक्षपद गुणवत्तेवर, म्हणजे पाइपलाइनवरच्या क्रमावर, ठरले. उपाध्यक्ष ज्ञानेश्वर, घर क्रमांक चार. त्याचे स्टँडजवळ पंप आणि मोटारींचे दुकान होते. कॉलनीत मोटार कोणाकोणाकडे आहे, हे एकट्या त्याला ठाऊक होते आणि धंद्याची नीती म्हणून तो त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. या संयमामुळेच तो बिनविरोध निवडून आला. सचिव मी, घर क्रमांक चौदा. माझे अक्षर चांगले आहे. या कथेत माझ्याबद्दल चांगले म्हणण्यासारखे एवढेच आहे, म्हणून ते लवकर सांगून टाकले.

पंधरा क्रमांकात गोजरबाई राहायची. आम्ही तिला गोजरमावशी म्हणत असू. ती पश्चिमेकडच्या डोंगरातली, आंबेगाव तालुक्यातली. तिचा नवरा या जागेचा राखणदार होता. कॉलनी होण्याआधी इथे फक्त तिचे घर होते. नळासाठी केलेल्या अर्जावर पहिला अंगठाही तिचाच. पण पाइप रस्त्याकडून आला, त्यामुळे जी पहिली आली होती ती शेवटची झाली. (यात कोणाचा दोष नाही. पाइपाचा आहे.) नवरा गेल्यावर ती डबे करून द्यायची. आठ डबे. त्यावर तिचे घर चालायचे, आणि आठ डब्यांना पाणी लागायचे.

कॉलनीतील भक्तिभावाची वाढ: काही आकडे

मोटार चालू असताना आवाज येतो. मोठा नाही, भिंतीत भुंगा अडकल्यासारखा. त्यावर उपाय म्हणून घर क्रमांक दोनने सकाळी सहाला भूपाळ्यांची कॅसेट लावायला सुरुवात केली. आठवड्याभरात चौदा घरांतून चौदा देवांच्या कॅसेट वाजू लागल्या, बरोबर सहाला सुरू, बरोबर सहा चाळीसला बंद. शेजारच्या आळीतले लोक म्हणत, तुमची कॉलनी फार धार्मिक. आम्ही नम्रपणे मान खाली घालत असू.

त्याच महिन्यात भारनियमन आले. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे साडेपाच ते नऊ लाईट नाही. मी विज्ञानाचा माणूस असल्याने नोंदी ठेवल्या:

मंगळवार. लाईट आहे. भक्तिगीते चौदा घरी. घर क्रमांक पंधरामध्ये पाणी: शून्य हंडे.
बुधवार. लाईट नाही. भक्तिगीते नाहीत. घर क्रमांक पंधरामध्ये पाणी: अकरा हंडे.
गुरुवार. लाईट आहे. भक्तिगीते चौदा. पाणी: शून्य. (एक पेला आला होता, पण त्यात गांडूळ होते.)
शुक्रवार. लाईट नाही. पाणी: बारा हंडे आणि एक बादली.

दहावीतल्या कोणत्याही मुलाने यातून निष्कर्ष काढला असता. समितीनेही काढला. तो वेगळा होता.

"लाईट आसली की बाईच्या नळाला थेंब न्हाई. लाईट गेली की धो धो," आण्णा बैठकीत म्हणाले. "आता ह्याला काय म्हनायचं, सर? तुमी सायन्सवाले."

हा विषय अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, असे मी सांगितले.

ज्ञानेश्वरने पायातली चप्पल सरळ केली आणि म्हणाला, "वायरमनचा डबा कोन देतं, राव?"

वायरमनचा डबा गोजरमावशीकडून जात होता. आठवा डबा. म्हणजे बाई वायरमनला पिठलं-भाकरी देते, वायरमन तिच्यासाठी अख्ख्या शहराची लाईट घालवतो, आणि त्या अंधारात ती आमच्या वाटचे पाणी भरते. इतका साधा उलगडा आमच्यापैकी कोणालाच आधी सुचला नव्हता, याचे सगळ्यांना वाईट वाटले.

गोजरमावशी दाराशी बसली होती. तिला बाजू मांडायची संधी देण्यात आली. ती म्हणाली, "लाईट गेल्यावर येतं, यवढंच मला ठावं." हे कबुलीजबाब म्हणून इतिवृत्तात नोंदवले.

तपासणी

तरीही समिती न्यायप्रिय होती. सर्व घरांची तपासणी करायचे ठरले. कोणाची गैरसोय होऊ नये म्हणून तीन दिवस आधी लेखी सूचना देण्यात आली, आणि तपासणीचा वार बुधवार, वेळ सकाळी साडेसहा ठेवली, म्हणजे लाईट नसताना. पथकात आण्णा, ज्ञानेश्वर आणि मी. (पथकातील सदस्यांची घरे विश्वासाने वगळली.)

अहवालातले ठळक मुद्दे:

घर क्रमांक तीन. मोटारीसारखी वस्तू आढळली. ती कूलरची असल्याचे मालकांनी सांगितले. कूलर कुठे आहे, असे विचारणे शिष्टाचाराला धरून नव्हते.

घर क्रमांक सहा. लुगड्याखाली झाकलेली वस्तू. शिलाई मशीन, असे समजले. ज्ञानेश्वर तिला नावानिशी ओळखत असावा, कारण त्याने लुगडे परत नीट पांघरले.

घर क्रमांक नऊ. गणपतीच्या मखरात काहीतरी होते. एप्रिल महिना असला तरी पथकाने नमस्कार केला.

घर क्रमांक तेरा. चहा घेतला.

घर क्रमांक पंधरा. कसून तपासणी. पिठाचे डबे, अंथरुणे, चूल, न्हाणीघर, तुळशीचे डबडे, कोंबड्यांचे खुराडे. काहीही आढळले नाही.

इथे समितीची बुद्धी कसाला लागली. चोरी होत आहे, हे सिद्ध होते. चौदा घरांनी "आमच्याकडे मोटार नाही" असे शपथेवर लिहून दिले होते. पंधराव्या घराने लिहून दिले नव्हते. (तिच्याकडे मागितले नव्हते, कारण मागताना तिच्यावर संशय नव्हता.) शिवाय इतर घरांत काही ना काही तरी दिसले, हिच्या घरात काहीच नाही. मोटार इतक्या सफाईने लपवणारे माणूस साधे नव्हे.

ठराव क्रमांक सात: घर क्रमांक पंधराची नळजोडणी बंद करावी. ठराव एकमताने मंजूर. चौदा सह्या. चौदावी माझी, थोडी तिरकी आली, पण वाचता येते.

एक प्रसंग, जो इतिवृत्तात नाही

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सहा वाजून दहा मिनिटांनी गोजरमावशी माझ्या दारात आली. हातात रिकामा हंडा. आत कॅसेट चालू होती.

"सर, नळ तोडनार म्हनं."

समितीचा निर्णय आहे, मी फक्त लिहितो, असे मी म्हणालो.

"माझ्याकडं मोटार न्हाई."

"तेच लिहिलंय, मावशी. सापडली नाही, असं."

ती थोडा वेळ गाणे ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "आठ डबं हायेत माझं. नळ गेला की त्ये बी गेलं. तुमच्या माझ्या मधी येकच भित हाये, सर. त्या भितीतनं रोज सकाळी भुंगा वाजतो. लाईट गेली की गप. मी कोनाला बोलले न्हाई, बोलनार बी न्हाई. फकस्त धा मिन्टं गप ठेवत जा त्याला. माझं दोन हंडं व्हत्यात तेवढ्यात."

त्याच वेळी कॅसेटची एक बाजू संपली. टेपचे बटण टक्कन वर आले आणि खोलीत दुसरा कोणताच आवाज उरला नाही. देवघराखालून भुंगा स्पष्ट, एकसुरी वाजत होता. मावशीने माझ्याकडे पाहिले नाही, ही तिची सभ्यता. मी उठलो, कॅसेट उलटी केली आणि दुसरी बाजू लावली.

दहा मिनिटे मोटार बंद ठेवणे मला अशक्य नव्हते. तांत्रिक अडचण एवढीच, की त्यासाठी बटण दाबावे लागते.

अंमलबजावणी

शनिवारी जानकू प्लंबर आला. त्याने माझ्या आणि मावशीच्या घरांच्या मधोमध खड्डा घेतला. फावड्याने माती ओढताच माझ्या नळाकडे जाणारा एक नवाकोरा, जाड, निळा पाइप उघडा पडला.

"सर, ह्यो तर म्या गेल्या साली तुमच्या..." जानकू म्हणाला.

"जानकू, तू आपलं काम कर," आण्णा म्हणाले.

आम्ही चौदाही जण शिवनेरीच्या दिशेने पाहू लागलो. किल्ला दिसत नव्हता, तरी बराच वेळ पाहिले. तेवढ्यात मावशीच्या जोडणीला बूच बसले.

फलनिष्पत्ती

चोर पकडला गेल्यामुळे आता पाणी वाढायलाच हवे होते. ते वाढले की नाही हे तपासण्यासाठी घर क्रमांक एकने एक हॉर्सपॉवरची मोटार घेतली. मग तपासणीची ही पद्धत घरोघरी रूढ झाली. ज्ञानेश्वरच्या दुकानात अशा मोटारी तेरा होत्या. त्याने क्रमाने दिल्या. मी गेलो तेव्हा तो म्हणाला, माल संपला, राव.

गोजरमावशी हापशावरून पाणी आणू लागली. हापसा स्टँडच्या पलीकडे. तिच्या डोक्यावर एका खेपेला दोन हंडे, वय साठच्या पुढे. आठ डब्यांचे पाच झाले, पाचाचे दोन. वायरमनने शेवटपर्यंत डबा सोडला नाही, यावरून ज्ञानेश्वरचा संशय पक्का झाला.

जूनमध्ये तिची मुलगी रत्ना घोडेगावहून टेम्पो घेऊन आली. सामान फार नव्हते. मी मदतीला गेलो (रविवार होता). सगळे भरून झाल्यावर पायरीवर दोन पितळी हंडे राहिले होते. मी ते उचलून टेम्पोकडे निघालो, तेव्हा मावशीने हात आडवा केला.

"ऱ्हाऊ द्या, सर. आता शेवटचं घर तुमचं."

ती हे टोमणा म्हणून बोलली नाही. टोमणा असता तर मला उत्तर देता आले असते.

सद्यःस्थिती

भारनियमन आता दुपारी असते. सकाळी कॉलनीत तेरा घरी भूपाळ्या चालू असतात, पूर्वीपेक्षा जास्त भक्तिभावाने, एक हॉर्सपॉवरच्या. माझ्या नळातून हवा येते. तिला किल्ल्यावरच्या वाऱ्यासारखा आवाज आहे. आमच्या कॉलनीत शिवनेरीचे दर्शन आता एवढेच.

समितीच्या मागच्या बैठकीत आण्णांनी विषय काढला, की पाण्याची चोरी अजून चालूच आहे आणि शेवटच्या घरावर लक्ष ठेवायला हवे. तपासणी झाली. माझी अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार मी आधीच शाळेच्या प्रयोगशाळेत नेऊन ठेवली होती, त्यामुळे घरात काहीही आढळले नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. "सर, तुमचं अक्षर चांगलं हाये," आण्णा म्हणाले, आणि माझ्याविरुद्धचा ठराव मीच सुवाच्य अक्षरात लिहिला. चौदा सह्यांची सवय असल्याने एक सही कमी पडते असे वाटले, म्हणून मीही केली.

नळ पुढच्या शनिवारी तुटेल. हापशाची वाट आता पाठ झाली आहे. मावशीच्या दोन हंड्यांपैकी एका खेपेला मला एकच झेपतो, त्यामुळे दुसरा रिकामा पडून आहे. तो मी घासूनपुसून पायरीवर ठेवला आहे.

आपण हे वाचताना हसला असाल, तर ती आपल्या दिलदारपणाची खूण आहे. फक्त उद्या सकाळी पाण्याच्या वेळी एकदा कॅसेट बंद करून भिंतीला कान लावा. आधी स्वतःच्या भिंतीला. भुंगा ऐकू आला, तर तुमचे घर शेवटून कितवे आहे ते मोजा. ऐकू आला नाही, तर हंडा न्यायला या.