गफ्फारभाईंची घरगुती पिकअप

दीड टन माल ओढणारी पिकअप घेऊन गफ्फारभाई आमच्या घाटंजीच्या बाजारात दहा रुपयांचा सांबार आणायला जातात. सांबार म्हणजे तुमच्याकडची कोथिंबीर. बरं, जुडी हातात धरून कॅबिनमध्ये बसावं ना माणसानं? नाही. मागचा फाळका पाडतात, हौद्याच्या मधोमध जुडी ठेवतात, फाळका लावतात, दोन्ही कड्या ओढून पाहतात आणि मग वीसच्या वेगानं घराकडे निघतात. मागचा बैलगाडीवाला कंटाळून बिडी पेटवतो.

कोणी म्हटलं की गफ्फारभाई, एवढ्यासाठी सायकल काय वाईट होती, तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "मामला घरगुती आहे."

त्यांचे सगळेच मामले घरगुती. स्टँडच्या मागे गाड्यांचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, बसवायचं त्यांचं दुकान आहे. तिथे दोन ट्रकवाले एकमेकांच्या गळ्याला हात घालून उभे असले तरी हे चहा सांगतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बजावतात, मामला घरगुती आहे, पुढं व्हा. नगरपंचायतीचं पाणी चार दिवस आलं नाही, तोही मामला घरगुतीच.

ही पिकअप त्यांनी एका जिनिंगवाल्याकडून भंगाराच्या भावात उचलली आणि स्वतःच्या हातानं उभी केली. चारही चाकांवर जास्तीचे पाटे चढवले. पण भाडं म्हणून कुणाची एक गोणी कधी टाकली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "भाडं घेतलं का गाडी आपली राहत नाई, वयनी. मंग तो म्हणते इकडं घे, तिकडं घे, हळू काहून चालोतं."

मला ते वयनी म्हणतात, कारण आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, शाळा सुटली की त्यांच्याच दुकानाच्या बाकावर बसून पेपर वाचायचे.

आता माझी ओळख करून देते. तेव्हाच्या माझी. आत्ताची मी तशी बरी आहे.

तेव्हा मी बावन्न वर्षांची तरुणी होते आणि विम्याची एजंट होते. खांद्याला रेक्झिनची बॅग, चष्म्याला दोरी, जवळ दोन पेनं: एक लिहायचं, एक नुसतं खोचायचं. तालुक्यातली पहिली बाई एजंट मीच, असं मी सांगत असे. तिसरी होते, पण आधीच्या दोघी बदलून गेल्या होत्या, विचारणार कोण? आणि माझ्या फॉर्मातला एकही रकाना कधी रिकामा राहिला नाही, हे मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवत असे. शेजारची बाई बिचारी भातावर वरण मागत असायची.

गफ्फारभाई गाडीचे कागद घेऊन पहिल्यांदा आले ते म्हणाले, हिचा घरगुती विमा करून द्या, सस्त्यातला. मी चष्मा दोरीवर सोडला आणि समजावून सांगितलं की पिकअप ही मालाची गाडी. घरच्या कारचा दर तिला लागत नाही. ते म्हणाले, माल कुठं आहे, सांबार आहे. मी पुस्तक काढलं. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलंच नाही. "तुमची म्हैस तुमच्याच घरी दूध देते. मंग मी तुमच्या घराले डेअरी म्हणू का?"

या एका म्हशीपायी मी यवतमाळच्या ऑफिसात तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेत कळलं की मालाच्या गाड्यांत दोन जाती असतात. एक भाड्यानं दुसऱ्याचा माल नेणारी, दुसरी फक्त मालकाचा स्वतःचा माल नेणारी, आणि दुसरीचा हप्ता कमी. मला एखादा नवा ग्रह सापडल्यासारखं झालं. धापा टाकत दुकानात जाऊन पंधरा मिनिटं मी ते सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे घरगुतीच ना."

फॉर्म भरायला बसलो. त्यात एक भाग असतो, गाडी चालवणाऱ्या मालकाच्या अपघाताचा. तो सक्तीचा. आणि त्याच्याखाली नॉमिनी, म्हणजे मालकाचं बरंवाईट झालं तर पैसे कुणाच्या हाती द्यायचे त्याचं नाव. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत ते म्हणाले, हलीमाबी. नातं? बहीण.

ही त्यांची आपा. त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठी. हे पाळण्यात असताना आई गेली, आणि आपा विशीच्या आतच विधवा होऊन परत आली ती यांना वाढवायलाच. गफ्फारभाईंनी लग्न केलं नाही. स्थळं यायची. ते काय कारण सांगून परतवायचे हे तुम्हाला आता कळलंच असेल.

म्हातारपणी आपाचे खुबे गेले. ऑटोत बसता येईना, एसटीची पायरी चढता येईना. घरात पडल्यापडल्या ती बाजाराच्या दिवसाची चौकशी करायची, वांगी कशी होती, मिरची कुठली आली होती. तेव्हा गफ्फारभाईंनी ही पिकअप घेतली. हौद्यात हातांची एक सागवानी खुर्ची चार बोल्टांनी आवळून बसवली, काळी छत्री बांधली, चढायला फळी केली. आणि बाजाराच्या दिवशी आपा वीसच्या वेगानं बाजारात यायची. खाली उतरायची नाही. वरूनच भाव करायची. खालचा माळी मान वर करून करून थकायचा आणि दोन रुपये कमी करायचा.

मी अर्थातच गप्प बसले नाही. भर बाजारात गाडी थांबवून मी गफ्फारभाईंना सुनावलं की मालाच्या हौद्यात माणूस बसवता येत नाही, विम्यात बसत नाही. ते गोंधळून म्हणाले, "माणूस कोण बसवलं? आपा आहे ते."

वरून आपानं मला विचारलं, पोरी, तुले काही घेऊन देऊ का. मला सूनबाई आलेली होती तेव्हा.

अशी सहा वर्षं गेली. दर वर्षी मुदत संपायच्या आठ दिवस आधी गफ्फारभाई हजर. घासाघीस नाही. सही केली, चहा घेतला, गेले.

मग एका हिवाळ्यात, तुरी कापणीला आल्या असताना, आपा गेली. मी आणि मास्तर भेटायला गेलो. गफ्फारभाई अंगणात सतरंजीवर बसले होते, लोक येऊन जाऊन होते. निघताना मी त्यांच्याजवळ गेले आणि काय म्हणाले असेन? मी म्हणाले, गाडीचा विमा पुढल्या महिन्यात आहे, आता नॉमिनी बदलावा लागेल, येताना नाव ठरवून या. कामाची बाई ना मी. मास्तर रस्ताभर माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, आपा गेल्याचं दुःख झालंय.

पुढल्या महिन्यात गफ्फारभाई आले नाहीत. कळलं ते असं, की ते यवतमाळात एजंट धुंडाळत फिरत आहेत. मला राग आला. मग एक दिवस प्लास्टिकची पिशवी काखेत मारून आले आणि खाली बघत म्हणाले, वयनी, तुमचा विमा महाग पडून राह्यला. मी हप्ता उतरवायला बसले. गाडीची किंमत कमी धरली. चोरीचा आणि आगीचा भाग काढून टाकला, आपल्या गाडीनं दुसऱ्याचं काही झालं तर भरपाई आणि मालकाच्या अपघाताचा तो सक्तीचा भाग, तेवढंच ठेवलं. त्याहून स्वस्त विमा जिल्ह्यात कुणी दिला असता तर मी बॅग उतरवून ठेवली असती. तरी ते म्हणाले, महाग पडून राह्यला.

इकडे राळेगावच्या एका सोयाबीनवाल्या व्यापाऱ्याचा त्या पिकअपवर कधीचा डोळा. विमा परवडत नसेल तर मला द्या, म्हणून त्यानं निरोप धाडला. गफ्फारभाईंनी कळवलं, सोमवारी मुदत संपते, तोवर जमलं नाही तर घेऊन जा. बिनविम्याची गाडी ते रस्त्यावर काढणार नव्हते. चेपलेल्या गाड्या आणि त्यांतली माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिलेली. मास्तर मला म्हणाले, "काहीही कर, पण ती गाडी जाऊ देऊ नकोस. गाडी गेली तर गफ्फार घराबाहेर निघायचा नाही."

शनिवारी सकाळी ते पुन्हा आले. माझ्या ओसरीवर चारपाच गिऱ्हाइकं बसलेली. गफ्फारभाई कोपऱ्यात बसले. बऱ्याच वेळानं विचारलं, तो गाडी चालवणाऱ्याच्या अपघाताचा भाग काढता येतो का. मी म्हटलं, नाही. मालकाकडे गाडी चालवायचं लायसनच नसेल तर गोष्ट वेगळी.

त्यांनी काखेतली पिशवी बाजूला ठेवली.

"मंग तसं लिवा. मले गाडी चालवता येत नाई."

ज्या माणसानं अरुंद बोळातून भरला ट्रक मागे काढून दाखवला होता, तो सगळ्यांसमोर हे सांगत होता. ओसरी हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी त्या भागाचा हप्ता सगळ्यांना ऐकू जाईल असा मोजून सांगितला, दोन सांबाराच्या जुड्याही येणार नाहीत म्हणाले, आणि वर म्हणाले, आपा गेली पण जाताना भाव करायचं तुमच्याकडे देऊन गेली, गफ्फारभाई.

ते उठले. चपला घातल्या आणि चालू लागले. पिशवी ओसरीवर राहिली आणि पिकअप माझ्या दारात. माणूस पायी गेला.

गिऱ्हाइकं पांगल्यावर मी पिशवी उघडली. पश्चात्तापानं नाही हो, कुठल्या एजंटानं काय दर दिला ते बघायला. सहा जणांचे फॉर्म होते. तीन माझ्यापेक्षा स्वस्त निघाले. मी ते पुन्हा तपासले. स्वस्तच होते. मग यांनी ते केले का नाहीत?

फॉर्म गफ्फारभाईंच्याच अक्षरात भरलेले होते. इंजिनाचा नंबर, चासीचा नंबर, रंग, लायसनचा नंबर, सगळं एकेक आकडा कोरून लिहिलेलं. आणि सहाही फॉर्म एकाच जागी थांबलेले. नॉमिनीचं नाव. एकावर त्या रकान्यात शाईचा मोठा ठिपका होता, पेन टेकवून धरून ठेवल्यासारखा.

मग मला सतरंजीवरचे गफ्फारभाई दिसले, आणि त्यांच्यासमोर बॅग लटकावून उभी असलेली मी. माझ्याकडे आले तर मी नाव विचारणार, म्हणून बिचारे दुसऱ्यांकडे गेले. आणि दुसऱ्यांच्याही कागदावर तोच रकाना.

दुपारी मी दुकानात गेले आणि मास्तरांच्या बाकावर बसले. गफ्फारभाई पाट्यावर हातोडा मारत होते. मी विचारलं, नावापाशी अडलं का?

हातोडा थांबला नाही. दहाबारा घाव घातल्यावर ते बोलले.

"नावं लय आहेत, वयनी. चुलत भावाचे पोरं आहेत. राशन कार्डावरून आपाले ऑफिसनं काटलं. वोटर लिस्टमधून काटलं. दवाखान्याच्या फायलीवर डॉक्टरनं रेघ मारली. मी पाहत होतो. पण माह्या हातानं मी तिले अजून कुठंच काटलं नाई."

मी बॅग मांडीवर घेतली. मग म्हटलं, माझ्याकडेच पुढे चालू ठेवलं तर जुनं नाव आपोआप पुढे जातं. कुणी बदललं तरच बदलतं. उद्या तुमचं काही झालं तर तुमच्या चुलत भावाच्या पोरांना कागदासाठी हेलपाटे पडतील, एवढंच.

"पडू द्या," ते म्हणाले. "ते कुठं आले तिच्या मातीले."

तिथंच बाकावर मी फॉर्म काढला. नाव, हलीमाबी. नातं, बहीण. मी, जिचा एकही रकाना कधी रिकामा नव्हता, तिनं हा भरलेला रकाना पाहून पेन खाली ठेवलं. तर त्याच्यापुढे आणखी एक रकाना होता, तो मी विसरलेच होते. नॉमिनीचं वय.

मी गफ्फारभाईंकडे पाहिलं. त्यांनी फडक्याला हात पुसले.

"मागच्या साली अठ्ठ्याहत्तर होतं," ते म्हणाले. "एक वाढवा."

सोमवारी राळेगावचा माणूस येऊन चहा पिऊन रिकामा परत गेला.

त्यानंतर बरंच काही झालं. माझी एजन्सी मोठ्या सुनेनं घेतली. मास्तर गेले. ते गेले तेव्हा मी पंधरा दिवसांत बँक, पोस्ट, गॅस, सगळीकडची नावं बदलून मोकळी झाले. कुठेही रकाना रिकामा ठेवला नाही. हल्ली दुपारच्या वेळी मला त्याची आठवण येते.

गफ्फारभाई अजून आठ दिवस आधी येतात. आता कागद नाही, सगळं मोबाइलवर. गेल्या आठवड्यात आले तेव्हा मोठी सून माहेरी गेली होती, म्हणून धाकटी बसली. ही दोन महिन्यांपूर्वीच नाशिकहून राहायला आलेली, तिला इथलं काही माहीत नाही. गाडीचा नंबर टाकला, मागचं सगळं आपोआप आलं. नॉमिनीच्या वयापाशी मोबाइल थांबला.

"सत्याऐंशी लागलं," गफ्फारभाई म्हणाले.

सून कौतुकानं वर बघून म्हणाली, सत्याऐंशी? मग तब्येत कशी आहे त्यांची?

मी तोंड उघडलं होतं. गफ्फारभाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी ते मिटलं.

"बरी आहे," ते म्हणाले.

सुनेनं मान डोलावली आणि सत्याऐंशी टाकलं.