अर्ज आत, लेक बाहेर

हेडक्लार्कसाहेबांनी ठरवलं, लेकीचा प्रवेशाचा अर्ज आपणच निवांतपणे भरायचा. घरात निवांत जागा एकच, म्हणून ते अर्ज घेऊन बाथरूममध्ये शिरले. लेकीला शिकायची होती कुलूपदुरुस्ती. साहेबांच्या मते हे कसलं करिअर! आज पाचपर्यंत अर्ज दिला नाही, तर वर्ष वाया. साडेतीन वाजले होते.

त्यांनी 'कार्यालयीन कामकाज'पुढे खूण केली (काय सुबक आली होती म्हणता!) आणि दाराची मूठ फिरवली. मूठ गरगर फिरली. दार ढिम्म.

"अगं, जरा बाहेरून उघड," त्यांनी बायकोला हाक मारली.

"अर्ज सापडत नाहीये. तुमच्याकडे आहे का?"

साहेबांनी घाईघाईनं दाराला धक्के मारले (लागलं खांद्यालाच). आवाज ऐकून लेक धावत आली आणि तिनं दाराला कान लावला.

"बाबा, जीभ अडकलीय."

"माझी? चांगली चालतेय की."

"ते ऐकतेच आहे. कुलपाची म्हणतेय मी."

दाराखालून स्क्रूड्रायव्हर सरकत आत आला. "आधी वरचा स्क्रू काढा. बाबा, उलटा फिरवताय."

साहेबांनी दचकून आजूबाजूला पाहिलं. "तुला दिसलं कसं?"

"दिसलं नाही. ऐकू आलं."

साहेबांच्या अंगावर सरसरून काटा आला. बंद दारापलीकडचा स्क्रू नुसत्या कानांनी ओळखणारं माणूस रोज आपल्या शेजारी बसून जेवतं आणि आपल्याला पत्ताच नाही! ती सांगत गेली, ते मुकाट्यानं करत गेले. "आता ती पट्टी बोटानं ओढा. हळू. अजून थोडी." खट्. दार उघडलं.

"हे तुला कुणी शिकवलं गं?" साहेबांचा आवाज एवढासा झाला होता.

"कुणी नाही. तुम्ही ऑफिसला गेलात की मी कुलपं उघडून बघत बसते."

साहेबांनी ती सुबक खूण खोडली आणि 'कुलूपदुरुस्ती'पुढे दुसरी केली. घाईत ती वाकडीच आली. उरलेला अर्ज लेकीनं वाटेत गुडघ्यावर ठेवून भरला.

पाचला चार मिनिटं असताना दोघं प्रवेशाच्या खिडकीशी पोचले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पूर्वानुभव, वडिलांना बाथरूममधून सोडवले. याला साक्षीदार कोण?"

आयुष्यात कधी नव्हे इतक्या अभिमानानं साहेबांनी हात वर केला. "मी. मी स्वतः आत होतो."

"मग इथं सही करा. खाली हुद्दा लिहा."

साहेबांनी झोकात सही केली आणि खाली लिहिलं, हेडक्लार्क.

"तो नाही हो," बाई शिक्का उचलत म्हणाल्या, "या प्रकरणातला हुद्दा. लिहा, अडकलेली व्यक्ती."